फुप्फुस काढलं, पुढे किती वर्षं?

१९५० सालच्या जानेवारीत इरेन जोलिओ-क्यूरी कलकत्त्यात होत्या. मारी क्यूरींची ही थोरली मुलगी, स्वतःही नोबेलची मानकरी. त्या एका मुक्कामात त्यांच्या हातून दोन उद्घाटनं झाली. २ जानेवारीला चित्तरंजन कॅन्सर हॉस्पिटलचं, आणि ११ जानेवारीला मेघनाद साहांनी उभारलेल्या अणुभौतिकी संस्थेचं. एका ठिकाणी रोगी, दुसऱ्या ठिकाणी यंत्रं. दोन्ही समारंभांना हजर असलेल्या एखाद्या पाहुण्याला या दोन इमारतींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं वाटलंही नसेल.

पाहुण्या बाईंना मात्र तो ठाऊक असावा. त्यांनी आणि त्यांच्या पतीने १९३४ साली दाखवून दिलं होतं, की साध्या, स्थिर मूलद्रव्यावर कणांचा मारा केला तर ते काही काळापुरतं किरणोत्सारी होतं. निसर्गात नसलेले किरणोत्सारी अणू माणसाला हवे तेव्हा बनवता येऊ लागले ते तेव्हापासून. त्याबद्दलच दोघांना पुढच्या वर्षी नोबेल मिळालं. साहांची संस्था नंतर सॉल्ट लेकला गेली, तिच्या शेजारी एक मोठं सायक्लोट्रॉन उभं राहिलं, आणि ज्या अणुऊर्जा विभागाने ते उभारलं त्यानेच पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाचं ऑपरेशन करावं की करू नये हे ठरवायला लागणारा पदार्थ कोलकात्यात बनवायला घेतला. हा प्रवास सत्तर वर्षांचा आहे. तो समजायला आधी थोडं मागे, आणि बरंच लांब जावं लागतं.

फुप्फुसाचा कर्करोग काढून टाकल्यावर माणूस किती जगतो, हे सर्जनच्या हातावर ठरतं असं बहुतेक नातेवाइकांना वाटतं. साहजिकच आहे, कारण दिसतो तो सर्जन. पण या ऑपरेशनच्या नव्वद वर्षांच्या इतिहासात रुग्णाचं आयुष्य ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी थिएटरच्या दाराबाहेर घडलेल्या आहेत. काही ऑपरेशनच्या आधी, काही नंतर.

पहिलं नाव घ्यायचं ते जेम्स गिलमोर यांचं. पिट्सबर्गचे हे प्रसूतितज्ज्ञ, वय ४८. १९३३ साली त्यांच्या डाव्या फुप्फुसात कर्करोग निघाला. सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलमधले सर्जन एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी ऑपरेशन सुचवलं. गिलमोर मध्ये काही दिवस घरी जाऊन आले. त्या फेरीत त्यांनी दंतवैद्याकडून दात भरून घेतले आणि स्मशानभूमीत स्वतःसाठी जागाही विकत घेतली. डॉक्टर माणूस, दोन्ही शक्यता त्याने मोजून ठेवल्या.

५ एप्रिल १९३३ रोजी ग्रॅहमनी छाती उघडली. बेत डाव्या फुप्फुसाचा वरचा खंड काढायचा होता. आत पाहिलं तर गाठ खालच्या खंडाच्या श्वासनलिकेला भिडलेली. वरचा खंड तेवढा काढून भागण्यासारखं नव्हतं. कर्करोगासाठी आख्खं फुप्फुस एका बैठकीत काढून रुग्ण जगल्याचं उदाहरण तोवर जगात नव्हतं. लंडनच्या मॉरिस्टन डेव्हिस यांनी १९१२ मध्ये कर्करोगाचा एक खंड काढला होता, तो रुग्ण आठव्या दिवशी गेला. बर्लिनच्या रुडॉल्फ निसेननी १९३१ मध्ये एका मुलीचं पूर्ण फुप्फुस काढलं होतं, पण ते टप्प्याटप्प्याने आणि कर्करोगासाठी नव्हे. गिलमोरचा एक डॉक्टर मित्र ऑपरेशन पाहायला हजर होता. ग्रॅहमनी परिस्थिती त्याच्या कानावर घातली आणि सगळं फुप्फुस काढलं. मुळाशी असलेल्या रक्तवाहिन्या आणि नळी एकत्रच बांधून टाकली, उरलेल्या ठुणक्यात रेडॉनच्या बारीक नळ्या खोचल्या, आणि मोकळी झालेली पोकळी मिटावी म्हणून बरगड्या काढल्या. ही शेवटची युक्ती क्षयाच्या सर्जनांची. छातीत नंतर पू झाला, पुन्हा कापावं लागलं. गिलमोर सुमारे अडीच महिन्यांनी हॉस्पिटलमधून बाहेर पडले आणि पुन्हा बाळंतपणं करू लागले.

ते पुढे तीस वर्षं जगले. १९६३ मध्ये गेले तेव्हा कर्करोगाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

या गोष्टीतला जो भाग सहसा सांगितला जात नाही तो पंधरा वर्षं आधीचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करी छावण्यांमध्ये फ्लू आणि न्यूमोनियानंतर जवानांच्या छातीत पू होई, आणि सर्जन घाईघाईने छाती उघडून तो काढत. जवान मरत. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगात तरुण ग्रॅहम होते. त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की आजार तीव्र असताना छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते, दोन्ही फुप्फुसं दबतात आणि माणूस त्यानेच मरतो. थांबा, आधी बंद नळीने पू काढा, मग उघडा, असं त्यांनी सांगितलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. छाती कधी उघडू नये हे ज्याला कळलं होतं, त्याच माणसाने पुढे ती सगळ्यात धीटपणे उघडली. माझ्या मते गिलमोर वाचले त्यात या जुन्या धड्याचा वाटा चाकूइतकाच आहे. बाकी नशिबाचा. कारण ग्रॅहमच्या मागोमाग ज्यांनी हे ऑपरेशन केलं त्यांचे कितीतरी रुग्ण पहिल्या काही दिवसांतच रक्तस्रावाने, पू होऊन किंवा हृदय थकून गेले.

ग्रॅहम स्वतः दांडगे सिगारेट ओढणारे. न्यू ऑर्लिन्सचे सर्जन ऑक्सनर सिगारेटवर आरोप करत, तेव्हा ग्रॅहमचं उत्तर असे, की सिगारेटचा खप वाढला तसा नायलॉनच्या मोज्यांचाही वाढला आहे. मग अर्न्स्ट विंडर नावाचा एक वैद्यकीय विद्यार्थी त्यांच्याकडे आला आणि रुग्णांना सवयी विचारत फिरू लागला. दोघांचा ६८४ रुग्णांचा अभ्यास १९५० च्या मे महिन्यात छापून आला; म्हणजे इरेनबाई कलकत्त्याहून परतल्यावर चारच महिन्यांनी. आकडे पाहून ग्रॅहमनी मत बदललं आणि सिगारेटही सोडली. उशीर झाला होता. १९५७ च्या मार्चमध्ये ते फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. दोन्ही बाजूंना पसरलेला होता, ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. त्यांचा रुग्ण त्यांच्यामागे सहा वर्षं जगला.

सप्टेंबर १९५१ मध्ये इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज याचं डावं फुप्फुस बकिंगहॅम पॅलेसमध्येच थिएटर उभारून काढलं गेलं. साडेचार महिन्यांनी तो झोपेत गेला, हृदयाच्या झटक्याने. कर्करोग हा शब्द त्याच्यापाशी कुणी उच्चारलाच नव्हता. सर्जरीची यादी ठेवणाऱ्याच्या लेखी अशा रुग्णाचं काय होतं? ऑपरेशन यशस्वी, कर्करोग परतला नाही, रुग्ण मयत. सिगारेटने फुप्फुसाबरोबर हृदय आणि रक्तवाहिन्याही खाल्लेल्या असतात, आणि ऑपरेशननंतर जे दगावतात त्यातले बरेच या दुसऱ्या हिशेबात जातात.

म्हणूनच पन्नाशीच्या दशकापासून सर्जन मागे सरकू लागले. आख्खं फुप्फुस काढण्याऐवजी गाठ असलेला एक खंड आणि त्याच्या आसपासच्या लसिका गाठी काढायच्या, बाकीचं ठेवायचं. उरलेलं फुप्फुस हीच रुग्णाची शिल्लक. उजवं फुप्फुस आकाराने मोठं, श्वासाचा मोठा वाटा त्याच्याकडे. त्यामुळे ते पूर्ण काढलेल्यांचे मृत्यू डाव्यापेक्षा कायम जास्त राहिले आहेत. श्वास मोजायची यंत्रं हाताशी नव्हती तेव्हा जुने सर्जन रुग्णाला घेऊन जिन्यापाशी जात. न थांबता तीन मजले चढला तर एक खंड काढलेला सोसेल, पाच चढला तर फुप्फुस. कागदावर फार शास्त्रीय दिसत नाही, पण परीक्षा खरी होती. आजही फुंकण्याच्या आणि वायू शोषण्याच्या चाचण्यांबरोबर जिना काही ठिकाणी चढवतात.

मागे सरकणं तिथे थांबलं नाही. खंडाचाही फक्त एक भाग काढून चालेल का? अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेने सांगितलं, नाही, त्याच जागी रोग परत येण्याचं प्रमाण जास्त. पंचवीस वर्षं तो कायदाच होता. मग २०२२ मध्ये जपानने २ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या ११०६ रुग्णांचा निकाल दिला. छोटा भाग काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते, खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के. गंमत अशी की छोट्या ऑपरेशननंतर रोग त्या जागी परतल्याच्या घटना जवळपास दुप्पट होत्या, तरी माणसं जास्त जगली. राखलेलं फुप्फुस त्यांना पुढच्या आजारांत उपयोगी पडलं असावं. पण हा निकाल दोन सेंटिमीटरच्या गाठींचा आहे, हे विसरायचं नाही. गाठ तेवढी असताना सापडायला हवी.

आणि इथेच खरा प्रश्न येतो. गाठ सापडली तेव्हा ती कुठवर पोचली होती?

फ्रान्सच्या प्येर देन्वा यांनी १९४३ पासून कर्करोगाची तीन मापं बसवायला घेतली. मूळ गाठ केवढी, लसिका गाठींत कितपत गेली, लांबच्या अवयवांत पोचली का. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघटनेने ही पद्धत उचलून धरली. या संघटनेचं अध्यक्षपद पुढे एका मराठी माणसाकडे आलं, हे आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकर. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं, आणि त्याच्या प्रयोगशाळा खानोलकरांनी उभ्या केल्या. पण त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली येत ते मुख्यतः तोंडाचे कर्करोग. तंबाखू चघळणाऱ्यांचे, विडी-चिरूट ओढणाऱ्यांचे. फुप्फुसाचा कर्करोग भारतात दुर्मीळ असं तेव्हा पाठ्यपुस्तकातच होतं. दुर्मीळ असण्यापेक्षा तो दिसत नव्हता, असं मला वाटतं. छाती म्हटली की क्षय. देशात छातीच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग वेल्लोरला १९४९ मध्ये अमेरिकी सर्जन रीव्ह बेट्स यांनी सुरू केला, तोही मुख्यतः क्षयामुळेच.

फुप्फुसासाठी देन्वाच्या मापांना आयुष्याच्या वर्षांशी जोडलं ते टेक्ससच्या क्लिफ्टन माउंटन यांनी, सत्तरच्या दशकात. आज सर्जनच्या टेबलावर जो तक्ता असतो तो त्यांच्या कामाचा वंशज आहे. त्याच्या आठव्या आवृत्तीत, काढलेल्या फुप्फुसाच्या तपासणीवरून ठरलेल्या टप्प्यानुसार, पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सर्वात लहान गाठीला ९० टक्के आहे. गाठ ३ सेंटिमीटरकडे सरकली की ८०. जवळच्या लसिका गाठी लागल्या की ५६ च्या आसपास. दोन फुप्फुसांमधल्या, छातीच्या मधल्या भागातल्या गाठी लागल्या की ४१ आणि त्याखाली. एकच सर्जन, एकच थिएटर, आणि नव्वदपासून चाळीसपर्यंतचा फरक. वय, स्त्री की पुरुष, पेशींचा प्रकार, या सगळ्यांचा परिणाम होतो. बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच अभ्यासांत जास्त जगलेल्या दिसतात. पण टप्प्याच्या फरकापुढे हे सगळे फरक लहान.

या तक्त्याबद्दल दोन तक्रारी आहेत. पहिली १९८५ सालची, येल विद्यापीठाच्या अल्व्हन फाइनस्टाइन यांची. त्यांनी १९५३ ते ६४ मधले आणि १९७७ चे फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण तपासले. प्रत्येक टप्प्याचं आयुष्य वाढलेलं दिसलं. मग लक्षात आलं की नव्या स्कॅनमुळे लपलेला प्रसार आता दिसू लागला होता. पूर्वी जे पहिल्या टप्प्यात मोजले जात त्यांतले आजारी निघून तिसऱ्यात गेले. पहिल्याची सरासरी सुधारली. तिसऱ्यात आले ते तिथल्यांपेक्षा बरे होते, म्हणून तिसऱ्याचीही सुधारली. एकही माणूस एक दिवस जास्त जगला नाही आणि दोन्ही रकाने सुधारले. वृत्तपत्रांतून उपचारांच्या यशाचे आकडे वाचताना मला हा फाइनस्टाइन नेहमी आठवतो.

दुसरी तक्रार आपली. २००९ च्या सातव्या आवृत्तीसाठी जगभरातून एक लाखाहून जास्त रुग्णांची नोंद जमवली गेली. त्यात भारतीय उपखंडातला एकही नव्हता. त्या काळात परळला, कोलकात्याच्या हाजऱ्याला किंवा दिल्लीला डॉक्टर रुग्णाला जो आकडा सांगत, तो जपानी, अमेरिकी आणि युरोपी माणसांचा होता.

टप्पा नीट ओळखायला लागणाऱ्या त्या पदार्थासाठी आता सॉल्ट लेकला जाऊ.

कोलकात्याच्या पूर्वेला खाऱ्या पाण्याची दलदल आणि मासेमारीची तळी होती. वाढत्या शहरासाठी तिथे भर घालून नवं नगर वसवायचं, ही मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांची धडपड. रॉय म्हणजे व्यवसायाने अस्सल डॉक्टर. चित्तरंजन सेवासदनाच्या उभारणीतही ते होते, ज्यातून १९५० चं कॅन्सर हॉस्पिटल निघालं. नगराचा आराखडा युगोस्लाव्ह वास्तुरचनाकार दोब्रिव्होये तोश्कोविच यांचा, भरावाचं काम युगोस्लाव्ह कंपनीचं. हुगळीच्या तळाची वाळू पाण्यात कालवून नळांनी दलदलीत आणून सोडली. १९६२ साली भराव सुरू झाला, आणि त्याच वर्षी १ जुलैला, ऐंशीव्या वाढदिवशी, रॉय गेले. नगराला नाव मिळालं बिधाननगर. लोक अजून सॉल्ट लेकच म्हणतात.

या वाळूवर, पहिल्या सेक्टरच्या एएफ ब्लॉकमध्ये, अणुऊर्जा विभागाने सायक्लोट्रॉन उभारलं. १६ जून १९७७ रोजी त्यातून पहिला किरण निघाला. ते यंत्र भौतिकीच्या संशोधनासाठी होतं, कर्करोगाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. पण सायक्लोट्रॉनमध्ये कणांचा मारा करून अल्पायुषी किरणोत्सारी अणू बनवता येतात, म्हणजेच इरेनबाईंचा १९३४ चा शोध हवा तेवढ्या प्रमाणात वापरता येतो. असा एक अणू म्हणजे फ्लोरिन-१८. तो साखरेच्या रेणूला जोडून शिरेतून दिला की कर्करोगाच्या भुकेल्या पेशी ती साखर ओढून घेतात आणि पेट स्कॅनमध्ये उजळतात. १९७६ मध्ये हा पदार्थ अमेरिकेत प्रथम माणसाला दिला गेला. भारतात पेट स्कॅन आलं २००२ मध्ये, परळला, टाटाच्या आवारातल्या किरणोत्सार वैद्यक केंद्रात, आणि त्याला लागणारं वैद्यकीय सायक्लोट्रॉनही तिथेच बसलं.

त्याच २००२ साली हॉलंडमधून एक निकाल आला. फुप्फुसाच्या कर्करोगाचा संशय असलेल्या १८८ रुग्णांना दोन गटांत विभागलं होतं. नुसत्या नेहमीच्या तपासण्या झालेल्या गटातल्या ४१ टक्के रुग्णांचं ऑपरेशन व्यर्थ ठरलं. छाती उघडून पाहिलं तर रोग आधीच पुढे गेलेला, किंवा वर्षभरात परत आलेला. पेट स्कॅन केलेल्या गटात हे प्रमाण २१ टक्क्यांवर आलं. म्हणजे पाचांतल्या एका माणसाची छाती उगाच उघडली जाणं टळलं. सर्जनला यात काही नवं शिकावं लागलं नाही.

पण फ्लोरिन-१८ ची एक अडचण आहे. दर ११० मिनिटांनी तो निम्मा होतो. मुंबईहून कोलकात्याचं विमान अडीच तासांचं. त्यात दोन्हीकडचा विमानतळ आणि वाहतुकीत अडकलेली गाडी धरा, म्हणजे निघताना चार भाग होता त्यातला जेमतेम एक उरतो. हा पदार्थ जवळच बनवावा लागतो. सॉल्ट लेकच्या केंद्राने वैद्यकीय कामासाठी वेगळं सायक्लोट्रॉन बसवायला घेतलं, ते शहराच्या दक्षिणेला चकगरियात. काम बरीच वर्षं रेंगाळलं. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच्यातून पूर्ण क्षमतेचा किरण निघाला. वैद्यकीय उपयोगाचं ते देशातलं सर्वात मोठं सायक्लोट्रॉन.

आपल्याकडे या चित्रात एक मेख आहे, जी हॉलंडमध्ये नाही. क्षयाच्या जुन्या-नव्या गाठीही साखर ओढतात. स्कॅनमध्ये छातीच्या मधल्या लसिका गाठी उजळल्या की पाश्चात्त्य पुस्तक सांगतं, रोग पसरला. बंगालात किंवा महाराष्ट्रात त्या गाठी क्षयाच्या असू शकतात, आणि तेवढ्यावरून ऑपरेशन नाकारलं तर बरा होण्यासारखा माणूस हातचा जातो. म्हणून श्वासनलिकेत दुर्बीण घालून, सोनोग्राफीच्या आधाराने सुईने त्या गाठीतला नमुना घेऊन तपासावा लागतो. ज्या ठिकाणी ही सोय आणि ती नीट करणारा माणूस आहे, तिथल्या रुग्णाचं आयुष्य त्या सुईने वाढतं.

मग प्रश्न उरतो ठिकाणाचा. कित्येक दशकं बंगाल, आसाम, बिहारचा कर्करोग म्हणजे मुंबईची गाडी. गीतांजली एक्स्प्रेस १९७७ च्या डिसेंबरात सुरू झाली. सॉल्ट लेकचा पहिला किरणही त्याच सालचा. परळच्या फुटपाथवर बंगाली, असमिया, भोजपुरी ऐकू येते ती तेव्हापासून नव्हे, त्याआधीपासून. गावचा डॉक्टर, जिल्ह्याचं हॉस्पिटल, कोलकाता, मग रेल्वेचं आरक्षण, मग मुंबईत नंबर. या वाटेत जे आठवडे जातात त्यांत गाठ वाढते. हा ओघ पाहूनच टाटांनी सॉल्ट लेकच्या पूर्वेला पसरलेल्या न्यू टाऊनमध्ये टाटा मेडिकल सेंटर उभारलं. ते २०११ च्या मे महिन्यात उघडलं. हाजऱ्याच्या चित्तरंजन संस्थेचं दुसरं आवारही तिथेच जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालं.

हॉस्पिटल कोणतं याला किती महत्त्व द्यावं? न्यूयॉर्कच्या पीटर बाख यांनी २००१ मध्ये दाखवलं, की फुप्फुसाची ऑपरेशनं सर्वात जास्त करणाऱ्या हॉस्पिटलांतले ४४ टक्के रुग्ण पाच वर्षांनी जिवंत होते, सर्वात कमी करणाऱ्या हॉस्पिटलांतले ३३ टक्के. यात सर्जनचा हात आहेच, पण रात्री श्वास अडकला तर धावणारी परिचारिका, भूलतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि गाठी मोजून तपासणारा पॅथॉलॉजिस्टही आहे. याच बाखांचा १९९९ चा निष्कर्ष त्याहून बोचरा आहे. लवकर सापडलेल्या रोगात गोऱ्या रुग्णांपैकी ७६.७ टक्क्यांचं ऑपरेशन झालं, काळ्या रुग्णांपैकी ६४ टक्क्यांचं. ज्यांचं झालं ते दोन्ही गटांत सारखेच जगले. फरक टेबलावर पोचण्यात होता. आपल्याकडे ही दरी कातडीच्या रंगाऐवजी जिल्हा, पैसा आणि बाई-पुरुष या रेषांवर पडते, असं म्हणायला मला फारसा संकोच वाटत नाही.

ऑपरेशननंतरचा काळ आता पूर्वीसारखा नुसता वाट पाहण्याचा राहिलेला नाही. २००४ मध्ये १८६७ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं, की नंतर केमोथेरपी दिल्याने पाच वर्षं जगणारे शंभरात चार जास्त. चार हा आकडा लहान वाटतो, पण ग्रॅहमच्या काळापासून ऑपरेशननंतरच्या औषधाने मिळालेला तो पहिला भरवशाचा आकडा होता. मग पेशींतले जनुकीय बदल ओळखता येऊ लागले. टाटा मेमोरियलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४८९ रुग्णांच्या पाहणीत ५२ टक्के धूम्रपान न करणारे होते. विडी-सिगारेट कधी न शिवलेली माणसं. अशांमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल जास्त आढळतो, आणि तो असेल तर ऑपरेशननंतर ऑसिमर्टिनिब ही रोजची गोळी आहे. तिच्या चाचणीत पाच वर्षांनी गोळी घेणारे ८८ टक्के हयात होते, न घेणारे ७८. गोळी महाग. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचं सीमाशुल्क उठवलं गेलं, तरीही महागच. सिगारेट ओढणाऱ्यांसाठी मात्र सर्वात स्वस्त उपचार ग्रॅहमनाच ठाऊक झाला होता. निदानानंतरही सोडली तर फायदा होतो, हे त्यानंतरच्या अभ्यासांनी दाखवलं आहे.

एवढं सगळं असूनही फुप्फुसाचा कर्करोग झालेले बहुसंख्य भारतीय ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचतच नाहीत. रोग सापडतो तेव्हा वेळ गेलेली असते, आणि त्या गेलेल्या वेळेतले कित्येक महिने क्षयाच्या गोळ्या खाण्यात गेलेले असतात. एक्स-रेवर डाग, खोकला, वजन घटलेलं. क्षयाचा देश आहे, डॉक्टरचा पहिला अंदाज चुकीचा म्हणता येत नाही. पण तुमच्या घरात कुणाला थुंकीत जंतू न सापडता केवळ डागावरून क्षयाची औषधं सुरू झाली असतील आणि काही आठवड्यांत डाग निवळत नसेल, तर कोर्स पूर्ण व्हायची वाट पाहू नका. सीटी स्कॅन करून घ्या, त्या जागेचा तुकडा तपासायला सांगा, आणि माणूस विडी ओढत नाही, बाई आहे, वय चाळीस आहे, म्हणून हे मागायला कचरू नका.